धार पुढच्या बाजूला

२ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून डायरी. बायकोचा सल्ला. ती नर्स आहे, त्यामुळे घरात सल्ले फुकट मिळतात. म्हणाली, राग आला की ओरडायच्या आधी लिहून काढा, निम्मा उतरतो. मी तिला सांगितलं की मला राग येतच नाही, मी फक्त स्पष्ट बोलतो. हे जरा मोठ्याने सांगावं लागलं, कारण मिक्सर चालू होता.

मिक्सर बंद होता असं तिचं म्हणणं आहे.

असो. डायरी घेतलीच आहे तर संकल्प लिहितो. पुढच्या महिन्यात सिलेक्शनची शर्यत आहे. देशाच्या सायकलिंग टीमसाठी. मुलीचा वयोगट यंदा संपतोय, म्हणजे ही शेवटची संधी. ती माझ्या हातच्या फ्रेमवर बसणार आणि टीममध्ये जाणार. दुसरा संकल्प: कोणावरही आवाज चढवायचा नाही. तो मी तसाही पाळतोच.

३ फेब्रुवारी

धंद्याबद्दल चार ओळी. उद्या मी मोठा झालो तर मलाच वाचायला बऱ्या.

माझा कारखाना म्हणजे एका मोठ्या शेडचा डावा अर्धा भाग. रेसिंग सायकलच्या फ्रेम बनवतो, कार्बनच्या. उजव्या अर्ध्या भागात धाकटा भाऊ. मधे पत्र्याची भिंत. तोही फ्रेमच बनवतो, कारण सगळं माझ्याकडे शिकला. काही वर्षांपूर्वी मी त्याला वेगळं केलं. लोक सांगतात की तो सोडून गेला. लोकांना कामं नसतात.

कॉम्प्रेसर मात्र एकच, सामाईक, आणि तो नेमका त्याच्या बाजूला. मला रंगकामाला हवा लागली की त्याला विचारावं लागतं. मी विचारत नाही. पत्र्यावर हातोडी मारतो. त्याला कळतं.

५ फेब्रुवारी

आज इतिहास घडला. सकाळी पाव कापताना.

सुरी आपण कुठल्या बाजूने चालवतो? धारेच्या. मग जगातले झाडून सगळे फ्रेमवाले पाइपची जाड, गोल बाजू पुढे आणि निमुळती बाजू मागे का ठेवतात? एकाने केलं म्हणून दुसऱ्याने. मेंढरं नुसती! वारा कापायचा असेल तर धार पुढच्या बाजूला पाहिजे. इतकी साधी गोष्ट कोणाच्या डोक्यात येऊ नये याचीच चीड येते. पाव तसाच टाकला आणि कारखाना गाठला.

साचेवाल्याला चित्र काढून दिलं. साचे तो बनवतो, मग त्यात कार्बनचं कापड आणि राळ भरून आम्ही भाजतो. तो बराच वेळ चित्राकडे बघत राहिला. मग कागद उलटा धरून बघितला. विचारलं काय झालं, तर म्हणाला, काही नाही, तुम्ही म्हणाल तसं.

चांगला माणूस. एका फटक्यात समजतो.

मॉडेलचं नाव ठरवलं: पातं.

७ फेब्रुवारी

मापं पक्की केली. नियम असा आहे की फ्रेमचा कुठलाही पाइप आठ सेंटिमीटरपेक्षा रुंद असता कामा नये. भाऊ दर वेळी दोन-तीन मिलिमीटर मागेच राहतो. पहिल्यापासून भित्रा. लहानपणी पोहायलाही पायऱ्या धरून उतरायचा. मी आठ म्हणजे आठच ठेवले. नियमाने जेवढं दिलंय तेवढं सगळं घ्यायचं, केसभरही सोडायचं नाही.

११ फेब्रुवारी

साच्यात कापड भरलं, आतून हवेचा दाब दिला, आणि ऐन वेळी कॉम्प्रेसर बंद! का, तर भाऊसाहेब जेवायला बसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पत्र्यावर हातोडी मारली. मग दुसरी, मोठी हातोडी मारली. पत्र्याला पोचा आला. मग भिंतीवरून चार गोष्टी ऐकवल्या, त्यात त्याच्या सासऱ्यांचाही उल्लेख झाला.

 पलीकडून कॉम्प्रेसर तेवढा सुरू झाला.

भांडण मी जिंकलो. बायकोच्या सल्ल्याप्रमाणे आधी लिहायला हवं होतं, पण डायरी घरी होती. यात माझा दोष नाही.

१३ फेब्रुवारी

पातं साच्यातून बाहेर आलं. व्हर्नियर लावलं. बरोब्बर आठ. हे व्हर्नियर कॅलिपर माझ्या खिशात कायम असतं. बाकी जगातल्या एकाही मापयंत्रावर माझा विश्वास नाही.

फ्रेम दिसते कशी! पुढून बघितली तर जवळजवळ दिसतच नाही. साचेवाल्याचं बोट कापलं.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळ

बायकोने बीपी बघितलं. आकडा सांगून उगाच तोंड पाडून बसली. मी म्हटलं, मशीन बिघडलंय. म्हणाली, दवाखान्यात सकाळपासून पंधरा जणांना लावलं, सगळ्यांचं नीट आलं. मग पंधरा जणांनी ते बिघडवलंय हे उघड आहे. हे मी समजावून सांगितलं, तर तिने परत पट्टा बांधला. आकडा वाढला! जे मशीन एकाच माणसाचे पाच मिनिटांत दोन आकडे दाखवतं, त्याला मशीन म्हणायचं?

मुलगी हसत होती. हसताना अगदी लहानपणीसारखी दिसते. मी विचारलं, हसायला काय झालं? मग हसायची थांबली.

१८ फेब्रुवारी

एका इंजिनियरिंग कॉलेजात विंड टनेल आहे. एका टोकाला भलामोठा पंखा, मधे काचेची खोली, खोलीत फ्रेम. वारा फ्रेमला किती मागे ढकलतो त्याचा आकडा येतो. आकडा कमी तितकी फ्रेम चांगली. मुलीने ओळख काढून वेळ मिळवली होती, ती बरोबर आली. टनेलच्या मॅडम तरुण आणि बोलायला गोड.

आधी तुलनेला साधी गोल पाइपची फ्रेम लावली. मग पातं. पात्याचा आकडा जास्त आला. जास्त! साध्या नळकांड्यापेक्षा! मी म्हटलं, परत लावा. परत जास्त.

मॅडम म्हणाल्या, एक गंमत करून बघू या, आणि त्यांनी पातं उलटं बसवलं, मागची बाजू पंख्याकडे. आकडा धाडकन खाली. त्यांच्या टनेलमध्ये इतका कमी आकडा आजवर कुठल्याच फ्रेमला आला नव्हता म्हणे. मी टाळी वाजवली. मॅडम म्हणायला लागल्या की सर, याचा अर्थ असा होतो... मी म्हटलं, अर्थ मला कळला. तुमचा पंखा उलटा बसलाय.

त्या म्हणाल्या, पंखा सुलटाच आहे. मी म्हटलं, मॅडम, पंखे मी तुमच्या जन्माच्या आधीपासून बसवतोय. (एकच बसवलाय. स्वयंपाकघरात. धूर आत येतो, पण चालतो अजून.) त्या कागदावर आकृती काढून दाखवायला लागल्या. वारा मागे जाऊन कसा गोल फिरतो वगैरे. पुस्तकी विद्या. मी माझं म्हणणं मांडलं. काचेची खोली, त्यामुळे आवाज जरा घुमला. बाहेर विद्यार्थी जमले. शेवटी त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, ठीक आहे सर, तुम्ही म्हणाल तसं.

सुशिक्षित माणसाचं हे बरं असतं. मुद्दा पटला की मान्य करतात.

निघताना मॅडम मुलीशी दारात काहीतरी बोलत होत्या. परतीच्या पूर्ण वाटेवर मुलगी खिडकीबाहेर बघत होती. भारावली असणार. तिच्या हातात एवढी मोठी गोष्ट पडणार आहे.

जाहिरातीत खालचा आकडा छापायचा ठरवलं.

२० फेब्रुवारी

रंग. पातं काळं करून घेतलं. रंगवाला चोख काम करतो, फक्त तोंडात सारखी सुपारी ठेवल्यासारखा बोलतो, अर्धं कळत नाही. काळं पातं उन्हात ठेवलं. जीव सुखावला.

मग पलीकडे डोकावलो. भावाची नवी फ्रेमही काळी. चोर!

२१ फेब्रुवारी

पातं लाल करायला सांगितलं. रंगवाल्याने विचारलं, आधीचा घासून काढू का? दोन दिवस लागतील. दोन दिवस! मुलीला सरावाला फ्रेम कधी देणार? म्हटलं, वरूनच मार. म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं.

२३ फेब्रुवारी

लाल नाही, टोमॅटो झालाय. जरा गडद मारायला सांगितला. परत तेच: घासू का. या माणसाला घासण्याचा नाद आहे. रोजावर आहे ना, कामं वाढवायची असतात. सगळ्यांसमोर त्याला सुनावलं. आता विचारणार नाही.

२५ फेब्रुवारी

मुलीला पातं दिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, आता काकाच्या सायकली विसर. अधूनमधून ती त्याची सायकल चालवते हे मला ठाऊक आहे, मी बोलत नाही एवढंच. परवा बोललो होतो, पण थोडंसं.

विचारलं, कशी आहे? म्हणाली, छान आहे, बाबा.

१ मार्च

सरावाला स्वतः गेलो. टाइम ट्रायल म्हणजे एकेकटीने सुटायचं आणि घड्याळाविरुद्ध पळायचं, त्यामुळे वेळ हेच सर्वस्व. स्टॉपवॉच घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. मागच्या महिन्यापेक्षा वेळ जास्त आली. बरीच जास्त. स्टॉपवॉच बदललं. दुसऱ्यानेही तीच थाप मारली. दोन्ही एकाच कंपनीची होती, संगनमत असणार.

मग कळलं. सीटवर बसते तेव्हा मुलगी वारा अडवते. मॅडमनीही म्हटलं होतं की वाऱ्याला सगळ्यात जास्त अडथळा फ्रेमचा नाही, माणसाचा होतो. म्हणजे फ्रेम निर्दोष! मुलीला बोलावलं आणि सांगितलं की खांदे आखूड कर. म्हणाली, खांदे कसे आखूड करू? मी म्हटलं, मनापासून केलं तर सगळं होतं. आमच्या वेळी कारणं सांगायची सोय नव्हती.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ती खांदे आवळून बसली होती. बायको माझ्याकडे बघत होती. मी डाव्या बाजूच्या भिंतीकडे बघत जेवलो.

५ मार्च

मुलगी पडली.

उघड्या माळावरून रस्ता जातो तिथे बाजूने वारा आला, हँडल हातातून सुटलं आणि सरळ खडीत. कोपरापासून मनगटापर्यंत सोललंय. हाड शाबूत. हेल्मेट फुटलं, डोकं नाही. पातं? साधा ओरखडाही नाही. बघा क्वालिटी.

फोन आला तेव्हा मी एकाच पायात चप्पल घालून पळालो. हे इथेच लिहितो, बाहेर बोलणार नाही. गाडी कशी चालवली मला आठवत नाही. ती कडेला बसलेली दिसली, माझ्याकडे बघून हात हलवला, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे की लक्ष कुठे असतं तुझं! मग दुसरं, तिसरं. रस्त्यावरचे लोक थांबले. मी तसा शांत माणूस आहे, पण भीती वाटली की माझा आवाज चढतो. कोणाचाही चढेल.

ती म्हणाली, चुकलं माझं, बाबा. लक्ष नव्हतं.

घरी बायकोने जखम धुतली. मी दारात उभा राहून विचारलं, फार लागलंय का? बायकोने दार पायाने लोटलं. माझ्याच घरात, माझ्या तोंडावर.

६ मार्च

बायको बोलत नाही. बीपीही बघितलं नाही. न बघितल्यापासून मला एकदम बरं वाटतंय, यावरून काय ते समजा.

९ मार्च

भाऊ आला होता. माझ्या शेडमध्ये! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दारात चपला काढून उभा राहिला, देवळात आल्यासारखा. म्हणाला, दादा, पोरीला लागलं ते कळलं. मी म्हटलं, बरी आहे. मग पात्याकडे बघत उभा राहिला. पाइपवरून हात फिरवला, पुढून मागे आणि मागून पुढे. काही विचारायला तोंड उघडलं, आणि परत मिटलं. नुसतं म्हणाला, माझ्याकडे तिच्या मापाची एक तयार पडली आहे, शर्यतीच्या दिवशी घेऊन येतो, लागली तर असावी.

लागली तर असावी! माझं डोकंच फिरलं. पोरगी माझी, फ्रेम माझी, आणि हा आयत्या वेळी तूप वाढायला येणार? काय काय बोललो ते लिहीत नाही, जागा पुरणार नाही. तो ऐकून घेत होता. मग चपला घातल्या आणि गेला. जाताना म्हणाला, दादा, कॉम्प्रेसर मी तुझ्या बाजूला हलवून देऊ का? मला त्यामागचा डाव कळेना, म्हणून त्यावरही ओरडलो.

तो गेल्यावर लक्षात आलं की लाल रंगाकडे बघताना त्याच्या ओठाचा कोपरा हलला होता. हसत होता. रंगवाल्याला बोलावलं आणि म्हटलं, पांढरा मार. शुभ्र. त्याने तोंड उघडलं. मी नुसतं बघितलं. त्याने मिटलं.

११ मार्च

पांढऱ्यातून लाल डोकावतोय. गुलाबी पातं! आणखी एक हात मारून घेतला.

मोठ्या अक्षरांत माझं नाव टाकून घेतलं, खालच्या जाड पाइपवर. दोनशे फुटांवरून वाचता आलं पाहिजे. अक्षरं काळी, त्यांना सोनेरी कड.

१३ मार्च

वरून चकाकीचा हात. आता आरशासारखं झालंय. माझा चेहरा त्यात दिसला, जरा लांबट आणि रागीट. चकाकीचा दोष.

मुलीने हाताची पट्टी काढली. मी तिला समोर बसवून शांतपणे धीर दिला. सांगितलं की उद्या तुझ्याबरोबर माझी पंचवीस वर्षं सायकलवर बसणार आहेत. ती म्हणाली, हो बाबा. तिचा घास तोंडातच फिरत होता. मी म्हटलं, खा नीट. मग मी तिच्या जेवणावर बोललो, बायको माझ्या बोलण्यावर बोलली, म्हणजे अबोला सुटला. शुभशकुन.

उद्या अजिबात चिडायचं नाही. वारा पडलेला असू दे, बस.

१४ मार्च, संध्याकाळ

बोटं सोलली आहेत, पेन नीट धरवत नाही. तरी लिहितोच.

शर्यतीआधी प्रत्येक सायकलची तपासणी असते. तंबूत एक पंच. हिरवी टोपी, इस्त्री केलेला चेहरा. त्याच्या हातात पत्र्याचा साचा, त्याला आठ सेंटिमीटरची खाच. प्रत्येक पाइप त्या खाचेतून गेला पाहिजे. पुढच्या सगळ्या पोरींच्या सायकली सटासट गेल्या. पातं आलं. खालच्या पाइपवर साचा लावला आणि तो अडकला.

पंचाने हळूच दाबून बघितला. दुसरीकडून बघितला. मग म्हणाला, बसत नाही. बाद.

मी म्हटलं, तुमची खाच झिजली आहे. तो म्हणाला, झिजली असती तर मोठी झाली असती. हा मुद्दा त्या क्षणी माझ्या लक्षात आला नव्हता. म्हणून मी आवाज चढवला. हे सगळे कसे विकले गेलेत ते तंबूला सांगितलं. मागे रांग थांबली. कोणाचा तरी बाप म्हणाला, अहो काका, आवरा. मी काका? याला?

खिशातून व्हर्नियर काढलं. आता दूध का दूध. लावलं, वाचलं, पुसलं, परत लावलं.

आठ आणि वर काहीतरी. फार नाही. चार-पाच कागदांएवढं.

फ्रेम भाजून आमच्या साच्यातून निघाली तेव्हा बरोब्बर आठ होती. मी स्वतः मोजली होती. मग हे कुठून आलं? काळा, लाल, गडद लाल, पांढरा, पुन्हा पांढरा, नाव, चकाकी. रंगवाल्याला तिथून फोन लावला आणि झाप झाप झापला. तो आज पहिल्यांदा स्पष्ट बोलला. म्हणाला, तुम्हीच म्हणालात वरूनच मार. आणि फोन ठेवला. माझ्यावर! फोन!

मी कोणाकडून तरी पॉलिश पेपर घेतला आणि जमिनीवर मांडी घालून घासायला बसलो. पाइप जिथे सगळ्यात रुंद तिथेच नेमकं माझं नाव. तेच घासायला लागलो. सोनेरी कड गेली, अर्धी अक्षरं गेली, चकाकी काही हटेना. पंच म्हणाला, वेळ संपत आली. मी म्हटलं, माझं घड्याळ तसं म्हणत नाही. स्पीकरवर मुलीचा नंबर पुकारला. मी घासतोय. परत पुकारला. मी घासतोय आणि पंचाला, रंगवाल्याला, सरकारला शिव्या घालतोय.

वर बघितलं तर भाऊ. हातात सायकल.  माझ्या तोंडात जे आलं ते सगळं त्याच्यावर फेकलं. लोक बघत होते. तो मान खाली घालून उभा.

मुलगी मधे आली. म्हणाली, बाबा, पुरे. हळू म्हणाली. काकाच्या हातातून सायकल घेतली, सीटवर हात ठेवून उंची बघितली, पंचाच्या खाचेतून पास करून घेतली. फटदिशी गेली ती. मग माझ्याकडे न बघता स्टार्टच्या फळीवर चढली आणि सुटली. मी पॉलिश पेपर हातात घेऊन बसलेला.

तिसरी आली. तीनच घेणार होते.

तिची आजवरची सगळ्यात चांगली वेळ. कोपर अजून पूर्ण बरं नाही आणि तरी. लोक भावाला येऊन हात मिळवत होते. तो प्रत्येकाला सांगत होता, दादाकडेच शिकलो सगळं. मला चिडवायला, दुसरं काय.

तिच्या यशात माझ्या ट्रेनिंगचा वाटा आहे. खांदे आज थोडे आखूड वाटले.

१५ मार्च, सकाळ

कारखान्यात गेलो नाही. पात्याचं काय करायचं याचा विचार केला. योजना अशी: सगळा रंग उतरवायचा, चार कागद कमी करायचे, आणि पुढच्या शर्यतीत जगाला दाखवायचं. धार पुढच्या बाजूलाच राहणार. त्यात तडजोड नाही. काल पातं धावलं असतं तर ती तिसरी नाही, पहिली आली असती. हे मला तिच्या तोंडून ऐकायचं आहे. आज विचारतोच.

१५ मार्च, दुपार

विचारलं.

ती टीमच्या कॅम्पला जायची बॅग भरत होती. मी टेबलापाशी बसलो. बायकोने माझ्यापुढे चहा ठेवला आणि ड्युटीवर गेली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं की काल पातं पास झालं असतं तर त्यावरच बसली असतीस ना. म्हणाली, हो. विचार न करता म्हणाली. माझी छाती फुगली. म्हटलं, आणि पहिली आली असतीस. ती टी-शर्टची घडी घालत होती. म्हणाली, नाही बाबा. शेवटच्या दहांत आले असते.

मी म्हटलं, काहीतरी बोलू नकोस.

मग तिने सांगितलं. मॅडमनी त्याच दिवशी दारात तिला सगळं समजावलं होतं. पंखा सुलटाच होता. धार पुढे ठेवली की बाजूचा वारा फ्रेम ओढून नेतो, त्याने ती पडली. त्या आधीही दोनदा पडता पडता वाचली होती, घरी बोलली नाही. साचेवाल्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं. काकालाही. आईलाही.

मी विचारलं, मग बसणार का होतीस? सिलेक्शन गेलं असतं ना. शेवटची संधी तुझी.

म्हणाली, हरणं सोपं होतं, बाबा. तुम्हाला सांगण्यापेक्षा.

रडत नव्हती. चिडलेलीही नव्हती. पेपरात हवामानाची बातमी वाचावी तसं म्हणाली आणि पुढचा टी-शर्ट उचलला. मग एकदम तिच्या काहीतरी लक्षात आलं. ती टेबलापाशी आली, माझ्यापुढचा कप उचलला आणि आत ओट्यावर नेऊन ठेवला. तिथून परत येताना माझ्या हाताकडे बघत आली.

कप मी आयुष्यात एकदाच फेकलाय. तोही भिंतीवर. माणसावर नाही.

दोनदा.

 राग आलाय का, ते बघितलं. येईल असं वाटलं, बराच वेळ थांबलो. ती घड्या घालत होती आणि मधून मधून माझ्याकडे बघत होती, वीज पडायची वाट बघावी तशी. मला तिला सांगायचं होतं की मी काही करणार नाहीये. पण ते सांगायला आवाज कुठला काढायचा ते कळेना. हळू आवाजात मी तिच्याशी शेवटचं कधी बोललो ते आठवलं नाही.

बॅगेची चेन लावून झाल्यावर ती म्हणाली, येते, बाबा. भाऊ खाली गाडी घेऊन थांबला होता.

चहा अजून ओट्यावर आहे. भरलेला होता. उठून आणता येईल.